'सर्व्हर चालू आहे का?' : एका प्रश्नाचा इतिहास

'सर्व्हर डाऊन आहे' हे आता मराठी वाक्य झाले आहे. बँकेच्या खिडकीत, सेतू केंद्रात, रेशन दुकानात, शाळेच्या कार्यालयात, कुठेही ते ऐकू येते आणि ऐकणारा मान डोलावून परत फिरतो. सर्व्हर कुठे आहे, 'डाऊन' म्हणजे नेमके काय, आणि तो तसा आहे हे इथे बसलेल्या माणसाला कळले कसे, हे कोणी विचारत नाही. मी भाषा शिकवणारा माणूस, यंत्रे हा माझा विषय नव्हे. पण त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवले. शेकडो कोसांवरचे यंत्र चालू आहे की बंद पडले, हे दुरून ओळखायची विद्या सुरू कधी झाली? आणि ती भरवशाची कितपत आहे?

सुरुवात १९६९ साली अमेरिकेत झालेली दिसते. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे आर्पानेट. त्याची पहिली चार ठिकाणे देशाच्या पश्चिम भागात होती: लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड, सांता बार्बरा आणि युटा. प्रत्येक ठिकाणी आयएमपी नावाचे कपाटाएवढे यंत्र बसवले होते. बनवणारी कंपनी 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' मात्र पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी. यंत्र बिघडले तर माणूस विमानाने पाठवायचा, तोही बिघाड कळल्यावर. म्हणून फ्रँक हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला एक सवय लावली. दर थोड्या वेळाने त्याने आपली हकीकत केंब्रिजला कळवायची: मी चालू आहे, माझ्या अमुक तारा ठीक आहेत, तमुक तारेवर चुका होत आहेत. केंब्रिजला टेलिटाइपवर ती कागदावर उमटायची. त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे दुरूनच हुकूम देऊन यंत्राची बाहेर जाणारी तार परत त्याच्याकडेच वळवता यायची. पाठवलेले तसेच परत आले तर यंत्र शाबूत, दोष पुढच्या तारेत.

याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. तारा टेलिफोन कंपनीच्या होत्या. केंब्रिजचा माणूस तिला फोन करून सांगायचा की कॅलिफोर्नियातली तुमची अमुक लाइन बिघडली आहे. पलीकडच्याला विश्वास बसत नसे. तार आमची, गाव हजारो मैलांवरचे, आमच्या माणसांना पत्ता नाही आणि याला घरबसल्या कसे कळले? हळूहळू त्यांना सवय झाली. मालकाच्या आधी पाहुण्याला घरातली गळती कळू लागली, असा हा प्रकार होता.

पण या रीतीत एक पेच पहिल्या दिवसापासून होता. 'मी ठीक आहे' असे यंत्र सांगू शकते, 'माझी एक तार तुटली' असेही सांगू शकते. 'मी मेलो' असे ते सांगू शकत नाही. मेल्याची खबर फक्त खबर न येण्यातून कळते. आपल्याकडच्या जुन्या पत्रव्यवहाराला हा पेच ठाऊक होता. पेशवेकालीन पत्रे उघडली की आरंभी मायना येतो: अमुक तिथीपर्यंत येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे. ती तिथी सांगायला शब्द वापरला जाई 'तागायत'. मुलांना हा शब्द शिकवताना मी फळ्यावर तो फोडून दाखवतो. 'ता' म्हणजे पर्यंत, 'ग़ायत' म्हणजे शेवट, मर्यादा. लिहिणारा 'मी ठीक आहे' असे म्हणत नाही, 'आजतागायत ठीक आहे' असे म्हणतो. पत्र पोचेपर्यंतच्या दिवसांची हमी तो देत नाही. संगणकवाले आज ज्याला 'हार्टबीट' म्हणतात, तो याच मायन्याचा धाकटा भाऊ.

हालहवालीच्या निरोपांनीच घर बुडवल्याचेही उदाहरण याच आर्पानेटवर आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका आयएमपीच्या स्मृतीत काही बिंदू गळाले आणि तारांची स्थिती सांगणाऱ्या एका संदेशाच्या तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या आवृत्त्या तयार झाल्या. क्रमांकांची मोजणी गोल फिरणारी असल्याने प्रत्येक आवृत्ती दुसरीपेक्षा नवी ठरत होती. सगळी यंत्रे आलेला 'नवा' संदेश घेत, पुढे पाठवत आणि पुन्हा घेत राहिली. या संदेशांना प्राधान्य असल्याने दुसरे काम करायला त्यांना सवडच राहिली नाही आणि संपूर्ण जाळे कित्येक तास ठप्प झाले.

आता दुसरी रीत. आयएमपी स्वतः खबर देत होते. दुसऱ्या रीतीत आपण हाक मारायची आणि समोरच्याने ओ द्यायची. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिलेल्या इंटरनेटच्या नियमांत अशा 'प्रतिध्वनी'ची सोय केली होती: मी पाठवतो ते जसेच्या तसे परत पाठव. तिचा खरा उपयोग केला माइक म्यूस या माणसाने. मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक्स प्रयोगशाळेत ते काम करत. डिसेंबर १९८३ मध्ये तिथले जाळे विचित्र वागू लागले, तेव्हा त्यांनी एका रात्रीत सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुड्या शोधताना सोनारमधून जो आवाज निघतो त्यावरून नाव ठेवले 'पिंग'. हाक मारायची, ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. पुढे ते म्हणाले होते की आयुष्यभरात हेच काम सगळ्यांत गाजणार हे ठाऊक असते, तर आणखी एक-दोन दिवस देऊन त्यात काही सोयी वाढवल्या असत्या. २० नोव्हेंबर २००० रोजी मोटार अपघातात ते गेले. पिंग आज जवळपास प्रत्येक संगणकात आहे.

त्यांनीच सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका माणसाच्या इमारतीत जाळ्याचा कुठला तरी जोड सैल होता, सापडत नव्हता. त्याने पिंगची प्रत्येक ओ संगणकाकडून मोठ्याने 'पिंग, पिंग' अशी बोलवून घेतली, आवाज वाढवला आणि इमारतीत फिरत एकेक जोड हलवत गेला. जिथे हात लावल्यावर आवाज थांबला, तिथे दोष.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे डेटाबेस सर्व्हरकडे येतो. डेटाबेस सर्व्हर म्हणजे नोंदवह्या सांभाळणारा कारकून समजा. तो ज्या संगणकात बसतो तो संगणक वेगळा आणि कारकून वेगळा. पिंगला ओ देतो तो संगणक. कारकून खुर्चीवर मरून पडलेला असला तरी पिंगला उत्तर येत राहते. वर्गात नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरून मित्राच्या वतीने 'हाज़िर' म्हणणारे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहेत. आपला 'हजेरी' शब्द त्याच 'हाज़िर'मधून आलेला आहे आणि हजेरीतली ही पळवाटही बहुधा तेवढीच जुनी असावी.

म्हणून चौकशी एकेक पायरी खोल होत गेली. आधी दार वाजवून बघायचे. मायएसक्यूएल ३३०६ क्रमांकाच्या दारात बसतो, पोस्टग्रेस ५४३२ च्या, ओरॅकल १५२१ च्या. दार उघडले म्हणजे कारकून आत आहे. पण तो काम करतो का? मग आत जाऊन सगळ्यांत सोपा सवाल टाकायचा: 'एक' निवडून दे. त्याने एक दिला. पण एक म्हणायला त्याला वही उघडावी लागत नाही. कपाटाची किल्ली हरवली असेल, चकतीवरची जागा संपली असेल, तरी 'एक' तो म्हणेलच. म्हणून जाणत्यांनी आणखी पुढची रीत काढली. दर सेकंदाला मुख्य वहीत चालू वेळ लिहायची आणि नकलेच्या वहीत ती उतरली का ते बघायचे. 'पीटी-हार्टबीट' नावाचे साधन हेच करते. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे आणि नकलेत दहा वाजून दोन मिनिटे, म्हणजे नक्कल तीन मिनिटे मागे. हे तर शब्दशः तागायत झाले.

इतके करूनही ओ आली नाही, तर किती वेळ थांबायचे? सारा इतिहास इथेच येऊन अडतो. १९८५ साली मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी एक निबंध छापला. त्याचा गणिती भाग माझ्या आवाक्याबाहेरचा, पण गाभा कळण्यासारखा आहे. निरोप पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एखादे यंत्र मध्येच बंद पडू शकत असेल, तर सगळी यंत्रे खात्रीने एकमतावर येतील अशी ठरावीक पद्धत असूच शकत नाही. कारण न बोलणारा मेला आहे की नुसता मंद आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. पुढे १९९६ मध्ये चंद्र आणि टूएग या संशोधकांनी शोधक यंत्रणेचे शास्त्र मांडले तेव्हा शब्दही जपून वापरला. यंत्रणा 'मेला' म्हणत नाही, 'संशय आहे' म्हणते, आणि संशय मागेही घेऊ शकते.

माणसांच्या बाबतीत कायद्याला हे फार पूर्वीच ठरवावे लागले. १८७२ च्या पुरावा कायद्यात सात वर्षे ज्याची काही खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर टाकली होती. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ चा. त्यात नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे नसेल तर बायको तलाक मागू शकते. हनफी परंपरेत ही वाट इतकी लांब होती की त्या स्त्रीचे आयुष्य सरून जाई, म्हणून मालिकी मताची चार वर्षे स्वीकारली गेली. मला त्यातली एक बारीक तरतूद मोलाची वाटते. या कारणावरचा हुकूम सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात नवरा परत आला आणि संसार करायला तयार असल्याचे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर हुकूम रद्द होतो. फार थांबलात तर जिवंत माणसावर अन्याय, घाई केलीत तर परतणाऱ्यावर. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही धोके ओळखले होते.

यंत्राच्या दुनियेत ही सहा महिन्यांची सोय काही सेकंदांची असते. कधी तीही नसते.

गिटहब हे जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे कोठार. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे मायएसक्यूएलच्या रचनेत बदल चालू होता, त्यामुळे मुख्य सर्व्हरवर ताण आला. तो चालू होता, फक्त कामाखाली दबला होता. पहारेकरी प्रोग्रॅमने हाक मारली, वेळेत ओ आली नाही. त्याने मुख्य सर्व्हरला मेलेला ठरवून बंद केले आणि गादी दुसऱ्याला दिली. दुसरा नुकताच झोपेतून उठलेला. रोज लागणाऱ्या नोंदी त्याच्या हाताशी नव्हत्या, प्रत्येक गोष्ट कपाटातून काढावी लागत होती. तोही मंदावला, तपासणीत नापास झाला आणि गादी पुन्हा पहिल्याकडे! माणसांनी शेवटी काय केले, तर पहारेकऱ्यालाच थोडा वेळ रजा दिली. दोन्ही सर्व्हर शाबूत होते, आणि बिघाड घडवला तो तपासणीने.

सहा वर्षांनी तिथेच याहून मोठे घडले. २१ ऑक्टोबर २०१८. पूर्व किनाऱ्यावर एक बिघडत चाललेले ऑप्टिकल उपकरण बदलताना मुख्य केंद्राचा संपर्क तुटला आणि ४३ सेकंदांनी परत आला. एवढ्या वेळात बाहेरच्या यंत्रांनी आपसांत बहुमत केले की पूर्वेकडून ओ येत नाही, आणि मुख्यपद पश्चिम किनाऱ्याला दिले. पण पूर्वेकडचे सर्व्हर मेलेले नव्हतेच. त्या क्षणांत त्यांच्या वह्यांत काही नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. सगळ्यांत गर्दीच्या एका समूहात अशा ९५४ नोंदी निघाल्या. माणसे सावरेपर्यंत पश्चिमेकडेही सुमारे ४० मिनिटांच्या नव्या नोंदी होऊन बसल्या. एका म्यानात दोन तलवारी. पूर्वेची वही खरी मानावी तर पश्चिमेच्या नोंदी जातात, पश्चिमेची मानावी तर पूर्वेच्या. त्यांनी घाई न करता नोंदी वाचवायचे ठरवले, आणि ४३ सेकंदांचे दुखणे निस्तरायला २४ तास ११ मिनिटे लागली. यातला पहारेकरी प्रोग्रॅम बिघडला नव्हता, नेमून दिले तसेच वागला होता. नंतर त्याला बंधन घालण्यात आले की एका किनाऱ्याचे मुख्यपद आपल्या अधिकारात दुसऱ्या किनाऱ्याला द्यायचे नाही.

शांततेची उलट चूकही होते. काही ऐकू येत नाही, म्हणजे सगळी खैरियत, असे धरून चालण्याची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने नक्कल समजून मुख्य डेटाबेसच पुसून टाकला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. रोजची राखीव प्रत असायला हवी होती, ती जागा रिकामी निघाली. प्रत काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि रोज अपयशी ठरत होता. तो रोज तसे ईमेलने कळवतही होता, पण त्या ईमेलवर आवश्यक सही नसल्याने टपाल सर्व्हर त्या नाकारत होते. वाचणाऱ्यापर्यंत पोचली ती शांतता. सुदैवाने एका अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावले. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

२८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनचे साठवण केंद्र काही तास बंद पडले. ग्राहकांनी स्थितिफलक उघडला तर सगळे दिवे हिरवे, कारण तो फलक बदलण्याची यंत्रणा त्याच बंद पडलेल्या साठवणीवर अवलंबून होती. कंपनीला बिघाडाची बातमी ट्विटरवरून द्यावी लागली. मग फलकाची व्यवस्था अनेक प्रदेशांत विखुरण्यात आली.

मला हे हिरवे दिवे आपल्याकडेही दिसतात. हाक कुठून मारली यावर उत्तर अवलंबून असते. विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी आमच्या शाळेत पान उघडत नव्हते. मदत क्रमांकावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, सर्व्हर चालू आहे." तो खोटे बोलत नव्हता. तो सर्व्हरच्या शेजारून हाक मारत होता, मी तालुक्यातून.

माझा फॉर्म रात्री अकराला भरला गेला, विषय संपला. रेशनच्या रांगेत तो संपत नाही. ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की खूण मोबाइलच्या जाळ्यातून सरकारी सर्व्हरकडे, तिथून आधारच्या पडताळणीकडे आणि उलट पावली दुकानात यावी लागते. मध्ये कुठेही अडले की दुकानात वाक्य एकच. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क २०१३ च्या कायद्याने दिला आहे. मजुरी बुडवून आलेल्या बाईला उद्या या म्हणणे म्हणजे आणखी एक मजुरी बुडवणे. वरच्या कार्यालयातल्या पडद्यावर सर्व्हर त्या दिवशी चालूच दिसलेला असतो.

ओ न आल्याचा दोष हाक मारणाऱ्यावर जाऊ नये, हे सरकारने मानले आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवले की जाळे नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये. ओळख पटवून धान्य द्यावे आणि तशी नोंद अपवादांच्या वेगळ्या वहीत करावी. आमच्या भागातल्या एका दुकानात मी ती वही मागितली. दुकानदार भला माणूस आहे, त्याने कपाटातून काढून दाखवली. सर्व्हर महिन्यातून किती वेळा बंद असतो म्हणून विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, आठवड्यातून एक-दोनदा तरी असतोच." वही कोरी होती.